गणवेषाचा जागता पहारा

(गृहरक्षक दलाच्या प्रशिक्षण शिबिरात केलेले भाषण)



खाकी गणवेष अंगावर चढला की माणसाची मान आपोआप ताठ होते. त्यात वावगे काही नाही. परंतु अतिरेकी हल्ल्याचा धोका वाढलेला असतो अशा दिवसांत हा गणवेष आपणांस अधिकार किती देतो, यापेक्षा आपणांकडून मागतो काय, हा विचार अधिक महत्त्वाचा होय.

६ डिसेंबर १९४६ रोजी त्या वेळच्या मुंबई प्रांतात गृहरक्षक दल स्थापन झाले. दंगलीच्या काळात पोलिसांस शिस्तबद्ध नागरिकांचे साहाय्य मिळावे, हा त्यामागील हेतू होता. दंगल डोळ्यांना दिसते. अतिरेकी मात्र कधी प्रवाशाच्या वेषाने, तर कधी चक्क वर्दी चढवून येतो. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदभवनाच्या आवारात शिरलेल्या मोटारीवर गृहमंत्रालयाची बनावट चिठ्ठी होती. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर चालून आलेले हल्लेखोर सैनिकी पोशाखात होते. तेव्हा चिठ्ठी, बिल्ला वा वर्दी पाहून तपासणी सैल करू नका. तद्वतच आपला गणवेष आणि ओळखपत्र प्राणाप्रमाणे जपा. ती कोणास उसनी देऊ नका. हरवल्यास संकोच न धरता त्याच दिवशी कळवा.

‘आमच्या हाती केवळ काठी, आम्ही करावे तरी काय?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्याच संसदभवनाच्या फाटकावर मिळते. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कमलेश कुमारी यांच्याजवळ त्या दिवशी शस्त्र नव्हते. संशय येताच त्यांनी सहकाऱ्यांना सावध केले. त्या धारातीर्थी पडल्या, पण इशारा पोहोचला होता. राष्ट्राने त्यांस मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांच्याजवळ तर केवळ ध्वनिक्षेपक होता. गोळीबार चालू असता ते प्रवाशांना सुरक्षित वाट सांगत राहिले आणि कित्येकांचे प्राण वाचले. मुंबईवरील त्याच हल्ल्यात आपल्या दलाचे मुकेश जाधव कामी आले, हेही आपण विसरता कामा नये. डोळा, कान आणि वेळेवर उठलेला आवाज, हीच आपली आयुधे होत.

परंतु धैर्य म्हणजे धाडस नव्हे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत पिशवीत ठेवलेल्या बॉम्बने १७ जणांचा बळी घेतला. बेवारस वस्तू दिसल्यास तिला हात लावू नका, ती हलवू नका, तिच्यावर पाणी ओतू नका. प्रथम लोकांना शांतपणे दूर न्या. आपणही दूर जा आणि तेथून वरिष्ठांस वा ११२ क्रमांकावर कळवा. तिच्याजवळ उभे राहून भ्रमणध्वनी किंवा बिनतारी यंत्र वापरू नका. एक स्फोट झाला तर दुसरा होणारच नाही असे मानू नका. बघ्यांची गर्दी जमू देऊ नका.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. सावधपणा निराळा आणि संशयखोरपणा निराळा. पिशवी टाकून लगबगीने निघून जाणारा मनुष्य हेरावा. कोणाची भाषा, धर्म वा पेहराव हेरू नये. निरपराध माणसाचा चारचौघांत अपमान केला, तर उद्या त्याच्या वस्तीतून आपणांस वार्ता कोण देईल? जनतेचा विश्वास उडाला की पहारेकरी आंधळा झालाच म्हणून समजा.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली. त्यानंतर ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या, भोंगे वाजले, स्वयंसेवक उत्साहाने धावले. भोंगा वाजत असता जागे राहणे अवघड नाही. खरी कसोटी तो थांबल्यानंतर लागते. जत्रेच्या दारी नऊशे नव्याण्णव पिशव्यांत डबे आणि कपडेच निघतील. हजारावी पिशवीही आपण पहिलीइतक्याच काळजीने पाहिली पाहिजे. त्या कंटाळ्यावर जो मात करील, त्यालाच हा गणवेष शोभेल.