घरातल्या सीडींची निगा

भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व अशा शास्त्रीय गायकांच्या सीडी घरात शेकड्यांनी साठल्या असतील, तर आधी गायक, मग राग, असा क्रम लावा. जुगलबंदीची नोंद मात्र वहीत दोन्ही नावांखाली हवी. डब्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

सीडीची चकचकीत बाजू आपण जपतो, पण जास्त नाजूक असते ती छापील बाजू. ॲल्युमिनियमचा थर तिथेच, पातळ लेपाखाली असतो. तो खरवडला गेला, की तेवढं गाणं कायमचं गेलं! म्हणून तिथे बॉलपेनने लिहू नका, चिकटपट्टी लावू नका. पुसताना मऊ सुती कापड मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. आणि दुर्मीळ मैफलींची एक प्रत संगणकावर आजच उतरवून ठेवा.