वस्तू फुकट, हिशोब मात्र ठेवायचा!

मी खामगावात कर सल्लागार आहे. आपल्या गावची ओळख चांदीची आणि कापसाची, पण हल्ली इथे घराघरांत आणखी एक काम चालतं. कंपनी मिक्सर, इअरफोन, क्रीम पाठवते. आपली पोरं-पोरी, गृहिणी ते वापरून बघतात आणि व्हिडिओ टाकतात. मग मला विचारतात, "दादा, एक रुपयाही हातात आला नाही, मग कर कसला?"

तर ऐका. उत्पन्न म्हणजे फक्त रोकड नव्हे. धंद्यातून किंवा व्यवसायातून वस्तुरूपात मिळालेला लाभही उत्पन्नच, हा नियम जुना आहे. १ जुलै २०२२ पासून त्याला कलम १९४-आरची जोड मिळाली. एका कंपनीकडून वर्षभरात २० हजारांवर लाभ मिळाला, तर कंपनीने १० टक्के टीडीएस भरायचा. विक्रीचं लक्ष्य गाठल्यावर कृषी केंद्रवाल्याला मिळणारं सोन्याचं नाणंही यातच येतं.

वस्तूसाठी कसोटी सोपी आहे : ती राहिली की परत गेली? प्राप्तिकर खात्याच्या परिपत्रक क्रमांक १२/२०२२ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. व्हिडिओ करून फोन कंपनीला परत दिला, तर तो लाभ नाही. ठेवून घेतला, तर लाभ. बाजारात सगळ्यांना वाटलेली शाम्पूची पुडी मात्र डोक्यातून काढून टाका. तो काही तुमचा व्यवसाय नाही.

आता खर्चाची भरपाई. "आधी तुम्ही विकत घ्या, मग पैसे परत देतो," असं कंपनी म्हणते. पैसे परत आले आणि वस्तूही घरात राहिली, तर ती वस्तू फुकटच मिळाली की नाही? प्रवासाचं थोडं वेगळं आहे. शेगावहून रेल्वेने मुंबईला शूटिंगला गेलात, हॉटेलात राहिलात. बिल कंपनीच्या नावावर असेल, तर तो तुमचा लाभ धरत नाहीत. बिल तुमच्या नावावर असेल, तर भरपाई लाभात धरली जाते. पण तोच खर्च तुम्ही व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करू शकता. म्हणून बिलं फेकू नका.

सगळ्यात मोठा गैरसमज २० हजारांचा. ही मर्यादा टीडीएसची आहे, करमाफीची नाही. पाच कंपन्यांनी प्रत्येकी १५ हजारांच्या वस्तू दिल्या, तर टीडीएस कुठेच कापला जाणार नाही, पण ७५ हजार उत्पन्नात दाखवावेच लागतील.

घाबरू नका. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत निवासी व्यक्तीचं नेहमीचं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे २४ हजारांच्या वस्तूंवर भरलेला २,४०० रुपयांचा टीडीएस परत मिळू शकतो. पण विवरणपत्र भरलं तरच! 'कर लागत नाही' म्हणून न भरणारे आपलेच पैसे सोडून देतात.

आणि एक सावधगिरी. वस्तू देण्याआधी त्यावरचा कर भरला गेला आहे ना, हे कंपनीने बघायचं असतं. कंपनी तो स्वतः भरते, नाहीतर तुम्हाला भरायला सांगते. तुम्ही भरणार असाल, तर प्राप्तिकराच्या पोर्टलवर, स्वतःच्या पॅनवर भरा आणि कंपनीला चलान द्या. "गिफ्टचा टॅक्स या नंबरवर यूपीआय करा," असं कोणी म्हणालं, तर सरळ फोन ठेवा.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला की कलमांचे क्रमांक बदलतात, पण मुद्दा तोच राहतो. एक साधी वही करा : तारीख, कंपनी, वस्तू, किंमत, ठेवली की परत केली. विवरणपत्र भरायच्या आधी ती वही आणि पोर्टलवरचं २६-एएस शेजारी ठेवून जुळवून बघा. काही अडलं, तर प्रश्न पाठवा. भेटू पुढच्या भागात.