कालयवनाचे प्यादे कसे घडवावे



रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेस आलेला प्रवासी पूर्णगडास पोहोचतो, तेव्हा खाडीच्या मुखावरचा आटोपशीर किल्ला, पश्चिमेचा अथांग समुद्र आणि किल्ल्याच्या पायथ्याजवळून त्या समुद्रास मिळणारी मुचकुंदी नदी या तीन गोष्टी एकाच दृष्टिक्षेपात त्याच्या नजरेस पडतात. किल्ल्याची हकीकत पुष्कळजण विचारतात, समुद्राचे कौतुक तर सर्वच करतात. परंतु ज्या मुचकुंदाचे नाव ही नदी वागवते आणि ज्याची म्हणून एक गुहा लांजे तालुक्यातील माचाळच्या डोंगरात भाविक आजही दाखवतात, त्याच्या कथेत एक जबरदस्त खलपुरुष आहे, याची आठवण मात्र क्वचितच निघते. तो खलपुरुष म्हणजे कालयवन. त्याच्या निमित्ताने आज मी आपणांशी एका नव्या कलेविषयी बोलणार आहे. ती कला म्हणजे पुराणातील खलनायकाला, त्याच्या कथेशी इमान राखून, युद्धाच्या खेळात उतरवणे.

आपल्या घरांतील मुले संगणकावर जे कल्पित युद्धांचे खेळ खेळतात, त्यांत राज्ये असतात, खजिना असतो, फौजा असतात, आणि प्रत्येक पक्षाच्या फौजेवर हुकमत चालवणारे नायक असतात. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ या मालिकेचा 1999 साली निघालेला तिसरा खेळ याचा नामांकित नमुना आहे. त्यात प्रत्येक नायकाच्या अंगी आक्रमण, बचाव, मंत्रसामर्थ्य आणि ज्ञान अशी चार मापे लावलेली असून, शिवाय प्रत्येकाची एक खासियत असते. आणि मृतांच्या पक्षाचा सरदार रणात पडलेल्यांतून सांगाड्यांची नवी फौज उभी करतो, तेव्हा त्या पक्षाचा सारा स्वभाव कोणत्याही वर्णनावाचून त्या एका नियमातून कळतो. नियमानेच चरित्र सांगावे, हे या कलेचे मर्म होय.

हे मर्म आपल्याकडे परके नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा संच घ्या. गोल पानांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि दहा साधी पाने, अशी एकूण 120 पाने. या खेळात दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने पहिली उतारी करायची आणि रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने. सूर्यवंशात मध्यान्ही जन्मलेला राम आणि चंद्रवंशात मध्यरात्री जन्मलेला कृष्ण ज्याला ठाऊक आहेत, त्याला हा दंडक शिकवावा लागत नाही. तो कथेतूनच उगवल्यासारखा वाटतो.

आता कालयवनाकडे वळू. पुराणे सांगतात की गार्ग्य नावाच्या ब्राह्मणाची यादवांनी भर सभेत नपुंसक म्हणून थट्टा केली. त्या अपमानाने पेटून त्याने लोहचूर्ण भक्षण करीत बारा वर्षे शंकराची आराधना केली, आणि यादवांना धाक बसेल असा पुत्र मागून घेतला. तोच कालयवन. उपहासातून जन्मलेला, लोखंडावर पोसलेल्या सूडाचे फळ असलेला हा वीर तीन कोटींची फौज घेऊन मथुरेस वेढा घालतो. आणि नेमक्या त्याच सुमारास मगधाचा जरासंध, सतरा वेळा पराभूत होऊनही, पुन्हा मथुरेच्या वाटेवर असतो. एकाशी लढावे तर दुसरा नगर लुटतो, हा पेच ओळखून कृष्ण मसलत करतो, समुद्रात द्वारका वसवून प्रजेचा बंदोबस्त तेथे लावतो, आणि स्वतः गळ्यात कमळांची माळ घालून, हाती शस्त्र न घेता, वेशीबाहेर पायी चालत निघतो.

यापुढचा क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. नारदाने सांगितलेल्या खुणांवरून कालयवन कृष्णाला ओळखतो. तो निःशस्त्र आहे, पायी आहे, हे पाहतो. आणि मग आपणही शस्त्र टाकून, पायीच त्याच्याशी लढण्याचा निश्चय करतो. खलपुरुष असूनही त्याला एक युद्धधर्म आहे! आणि त्याच युद्धधर्मापायी तो आपली अफाट फौज मागे ठेवून एकटा धावत सुटतो. आता हाती येईल, मग हाती येईल, असे पावलोपावली भासवणारा शत्रू त्याला दूर डोंगरातील गुहेत नेतो. अंधारात निजलेल्या पुरुषाला तो कृष्ण समजून लाथ मारतो. निजलेला असतो मांधात्याचा पुत्र मुचकुंद, देवांसाठी दीर्घकाळ लढून थकलेला आणि वर म्हणून केवळ निद्रा मागून घेतलेला. तो डोळे उघडतो, त्याची क्रुद्ध दृष्टी पडते, आणि भागवतकार सांगतात त्याप्रमाणे कालयवन स्वतःच्याच देहातून उठलेल्या अग्नीने क्षणार्धात भस्म होतो. अग्नी बाहेरून आला नाही. बापाच्या अपमानातून जो पेटला होता, तोच अखेर त्याला जाळून गेला, असे मला वाटते.

श्रोतेहो, आता एखाद्या खेळकर्त्याने या पुरुषाला आसुरी पक्षाचा नायक करायचे ठरवले, तर त्याने काय करावे? सामान्य कारागीर त्याला काळे चिलखत, लाल डोळे आणि अग्निबाण देऊन मोकळा होईल, आणि असा नायक जगातील कोणत्याही मुलखात खपेल. जाणता कलावंत मात्र नियम असा बसवील की यादवांची कोणतीही फौज समोरासमोर त्याला हटवू शकणार नाही. परंतु शत्रूचा नायक निःशस्त्र होऊन माघारी वळला, की फौज सोडून त्याचा पाठलाग करणे कालयवनाला भाग पडेल, आणि पाठलागात तो ज्या निद्रिस्ताला डिवचील त्याच्याकडूनच त्याचा अंत होईल. त्याच्या जोडीला जरासंध असावा तो याच्या अगदी उलट प्रकृतीचा: दर पराभवानंतर नवी फौज उभारणारा, कधीही न थकणारा, परंतु द्वंद्वयुद्धाचे आव्हान नाकारू न शकणारा. जन्मतः दोन शकले असलेल्या आणि जरा राक्षसीने सांधलेल्या या राजाला भीमाने पुन्हा उभे चिरून ती शकले उलट दिशांना फेकली, तेव्हाच तो संपला. म्हणून त्याच्या नाशाचा मार्गही त्याच्या जन्मकथेतच दडलेला असावा. हे दोघे एकाच वेळी चालून आले तरच मथुरा सोडावी लागते. वेगवेगळे आले तर ती टिकते. एकाची उतावीळ आणि दुसऱ्याची चिकाटी यांच्या संगमात त्या पक्षाचे खरे बळ आहे.

खलनायकाचा असा मान राखण्याचे शिक्षण कोकणातील रंगभूमीने आपल्याला केव्हाच दिले आहे. दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगात वेद पळवणारा संकासुर येतो, तो आपादमस्तक काळ्या वेषात; त्याच्या मालवणी बोलीवर गाव हसून लोटपोट होतो, आणि तरीही परंपरेने विष्णूच्या हातून त्याचा वध झाल्यावाचून मुख्य आख्यानास आरंभ होत नाही. पुढील आख्यानाची लिखित संहिता नटांपाशी बहुधा नसते. पुराण मुखोद्गत असल्यामुळे राक्षसाचे काम करणारा नट ऐन वेळी भाषण रचतो, आणि कथेच्या चौकटीबाहेर पाऊल टाकील तर जाणता प्रेक्षक ते ताबडतोब ओळखतो. जिभेचे स्वातंत्र्य आणि कथेचे बंधन, ही दोन्ही एकाच वेळी सांभाळण्यात त्याची खरी परीक्षा असते.

तेव्हा यापुढे आपल्या मुलांच्या खेळात एखादा दुष्ट सरदार दिसला, तर त्याच्या मुखवट्यावर भाळू नका, आणि त्याच्या क्रौर्याने दचकूही नका. त्याला चार प्रश्न विचारा. हे सामर्थ्य याला कोणत्या कृत्यामुळे मिळाले? ते मागताना याने काय वगळले, जसे रावणाने मानवांना तुच्छ लेखून वगळले? याचा स्वतःचा धर्म कोणता, जो तो शत्रूपुढेही पाळतो? आणि याचा नाश बाहेरच्या एखाद्या थोर अस्त्राने होतो, की त्याच्याच वरातून, त्याच्याच व्रतातून, त्याच्याच देहातून होतो? या चारही प्रश्नांची उत्तरे खेळाच्या नियमांत सापडली, तर त्या खेळकर्त्याला मोकळ्या मनाने दाद द्या. आणि न सापडली, तर आपल्या घरातील त्या लहान खेळाडूला जवळ बसवून मूळ कथा सांगा. उद्याचा अधिक चांगला खेळ कदाचित तोच घडवील.