डिझाईनचा व्यवसाय आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे वाढवून)



दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात दोनच प्रश्न कानी येतात. गुण बरे पडले असतील तर "सायन्सला घालू का?" आणि कमी पडले असतील तर "कुठल्या धंद्याला लावू?" मुलाचा हात कसा आहे, तो काय करताना भूक-तहान विसरतो, हे फारसे कोणी विचारीत नाही. ज्याचा हात चालतो त्याला आपण पंधराव्या वर्षी वर्कशॉपमध्ये, शिलाईच्या दुकानात नाहीतर फर्निचरच्या कामावर पाठवतो. तो काम लवकर शिकतो, पैसेही आणतो. पण चाळिशीतही तो दुसऱ्याने आखून दिलेलेच काम करीत असतो. ह्या मुलांसाठी एक तिसरी वाट आहे. ती डिझाईनची.

डिझाईन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साडीचा काठ, मेंदी, फरशीवरचे फूल येते. म्हणजे नक्षी. नक्षी हा त्यातला एक भाग झाला. वस्तू करण्यापूर्वी ती कोण वापरणार, कशी वापरणार, किती दिवस टिकली पाहिजे, काय किमतीला पडली पाहिजे ह्याचा विचार करून कागदावर केलेली आखणी, तिचे नाव डिझाईन.

तुमच्या मोरीतला तोटीचा बधना आठवा. वजूसाठी पाणी मनगटावर बारीक धारेने पडावे, एका हाताने उचलता यावा, भरलेला असताना कलंडू नये, आतून घासता यावा, ही सगळी अक्कल त्या भांड्याच्या आकारात आहे. कोणी एकाने ती बसून काढलेली नाही. कित्येक पिढ्यांच्या कासारांनी आणि वापरणाऱ्या बायाबापड्यांनी मिळून ती घडवली आहे. चार्ल्स आणि रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्याला भारत सरकारने डिझाईनच्या शिक्षणाबद्दल सल्ला विचारला होता. त्यांनी १९५८ साली जो अहवाल दिला, त्यात सगळ्यात जास्त कौतुक केले ते आपल्या साध्या लोट्याचे. एक लोटा घडवायचा तर किती प्रश्न विचारावे लागतात, ह्याची यादीच त्यांनी दिली: पाणी किती मावावे, कमरेवर धरायचा की डोक्यावर, ओतताना तोल कसा राहील, घासायचा कसा, विकायचा कितीला. त्याच अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. ज्या घरात लोटा आणि बधना आहे, त्या घराला डिझाईन परके नाही एवढेच मला ह्यातून सांगावयाचे आहे.

आता आपल्याच तालुक्यातील एका माणसाविषयी. शेख फत्तेलाल हे नाव इथल्या किती विद्यार्थ्यांनी ऐकले आहे? सिनेमाच्या जगात त्यांना साहेबमामा म्हणत. जन्म १८८६, गाव कागल. मुरगूडच्या मुलाला त्यांच्या गावी जायला एस.टी. पुरते!

त्या काळी कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे दोघे मेस्त्री बंधू नाटकांचे पडदे रंगवीत. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच आडनाव झाले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. पुढच्या वर्षी बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तिला आर्थिक मदत केली ती गायिका तानीबाई कागलकर यांनी. (पाहा, इथेही कागल आहेच.) फत्तेलाल आणि पेणहून आलेले विष्णुपंत दामले ह्या मंडळींत होते. तिथे ठरावीक काम असे नव्हते. रंग कालवायचा, सुतारकाम करायचे, कॅमेऱ्यापाशी उभे राहायचे. पडद्यावर महाल रंगवण्यापेक्षा खोली, जिना, दार खरेच उभे करावे ही बाबूरावांची दृष्टी, आणि त्या दृष्टीने फत्तेलालांचा हात तयार झाला.

पडदा रंगवणे आणि सेट उभारणे ह्यांतील फरक नीट समजून घ्या. पडद्यावरचे दार सुंदर दिसले की काम झाले. सेटवरच्या दारातून माणूस आत येतो, त्याचे डोके चौकटीला लागता कामा नये, कॅमेऱ्याला त्याचा चेहरा दिसला पाहिजे, दिव्याची उष्णता सोसली पाहिजे, आणि काम संपले की सगळे मोडून तेच लाकूड पुढच्या सेटला वापरता आले पाहिजे. चित्रकार येथे डिझाईनर होतो.

फत्तेलालांच्या वाढीचा हिशेब मी मुद्दाम वर्षांत मांडतो. महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते. दामल्यांच्या जोडीने 'कर्ण' हा मूकपट त्यांनी दिग्दर्शित केला तो १९२८ मध्ये, म्हणजे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी ह्या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात कंपनी काढली आणि तिचे कलादिग्दर्शन फत्तेलालांकडे आले. 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, 'अमृतमंथन' १९३४ चा. आणि दामल्यांबरोबर दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ चा. तेव्हा साहेबमामा पन्नाशीचे होते. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातील उत्तम चित्रपटांत त्या चित्रपटाची गणना झाली. पुढे ह्याच जोडीने 'संत ज्ञानेश्वर'ही केला. कागलचा मुसलमान आणि पेणचा ब्राह्मण मिळून महाराष्ट्राच्या संतांचे घर-अंगण उभे करतात, आणि ते इतके खरे वाटते की पाहणारा हात जोडतो. 'संत तुकारामा'तले ते गरिबाचे घर पुन्हा एकदा पाहा. नक्षीचा एक तुकडा त्यात नाही, आणि तरीही ते नेमके आखलेले आहे.

तीस ते पन्नास. वीस वर्षे. आम्हां पालकांना मात्र सहा महिन्यांच्या कोर्सनंतर पगार हवा असतो.

साहेबमामांचा काळ गेला, असे कोणी म्हणेल. मान्य. पण आपल्या जिल्ह्याकडे आजच्या नजरेने पाहा. इचलकरंजीत कापड विणले जाते, हुपरीत चांदी घडते, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात ओतकाम चालते. ओतकामाचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, करणारा माणूस पाहिलात का कधी? थंड होताना लोखंड आक्रसते म्हणून तो नमुना किंचित मोठा ठेवतो, वाळूतून निघताना साचा ढासळू नये म्हणून बाजूंना थोडा उतार देतो. हे हिशेब जाणणारा मुलगा आणखी शिकला तर वस्तूचे डिझाईन का करू शकणार नाही? आणि कोल्हापुरी चप्पल! तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा ह्या कंपनीने तशीच पादत्राणे आपल्या फॅशन शोमध्ये मांडली, कोल्हापूरचे नाव न घेता. इकडे ओरड झाली तेव्हा कंपनीने चपलेचे मूळ मान्य केले. आपण रागावलो ते योग्यच झाले. पण शिवणाऱ्याला मजुरी मिळते आणि आखणाऱ्याला किंमत, हा धडा रागाच्या भरात विसरता कामा नये.

आपल्या घरांत ह्या विषयाला दोन अडथळे येतात. पहिला धर्माचा. सजीवांची चित्रे काढावीत की नाही ह्याविषयी उलेमांत मतभेद आहेत, आणि मी मास्तर आहे, मौलाना नाही. ज्याच्या घरी ती चित्रे नको असतील त्याने काढू नयेत. पण डिझाईनचा मोठा भाग अक्षर, भूमिती, वेलबुट्टी, भांडे, कापड आणि घर ह्यांचा आहे, आणि ह्यात आपल्या पूर्वजांचा हात धरणारे जगात थोडे. सहलीला विजापूरला जाता तेव्हा गोलघुमटात ओरडून परत येऊ नका. इब्राहिम रोजा पाहा. तेथील खिडक्यांच्या दगडी जाळ्या अरबी अक्षरांच्या आहेत. अक्षरही वाचता यावे आणि वाराही आत यावा. ह्याला म्हणतात डिझाईन.

दुसरा अडथळा मुलींचा, आणि तो मला अधिक बोचतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. लग्नसराईत तिला मेंदीसाठी बोलावणी येत. मी तिला म्हटले, बेटा, तुझे डिझाईन आठ दिवसांत हातावरून उडून जाते, आधी वहीत काढत जा, खाली तारीख घाल. वर्षभरात तिने साठ पाने भरली. मग तिचे तिलाच दिसू लागले की कोणती नक्षी पुन्हा पुन्हा मागितली जाते, कोणती मनगटावर बसत नाही, कोणती अर्ध्या वेळेत होते. आता ती बारावीला आहे, कापडाच्या डिझाईनचे शिक्षण घ्यावे असे तिच्या मनात आहे. तिचे वडील मला विचारतात, "सर, चार वर्षं घालवून पोरीनं शेवटी मेंदीच काढायची ना?" मी त्यांना सांगितले की तिची एक वेल हजार मीटर कापडावर छापली जाऊ शकते, आणि ती घरी बसूनही आखता येते. त्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे. ते आज इथे बसले आहेत.

आता वाट कशी आहे ते सांगतो. शाळेत असतानाच इलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा द्याव्यात. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला जादा गुण मिळतात, हे तरी पालकांना पटावे! पुढे कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज ह्या जुन्या कलासंस्था आहेत, मुंबईत जे. जे. आहे, जिची सुरुवात १८५७ सालची. बारावीनंतर, मग शाखा कोणतीही असो, मुंबईच्या आय.आय.टी.कडून घेतली जाणारी यूसीड ही परीक्षा देता येते. अहमदाबादच्या संस्थेची परीक्षा वेगळी असते. ह्या परीक्षांत नुसता हात पाहत नाहीत. निरीक्षण पाहतात, तर्क पाहतात. "गर्दीच्या एस.टी.त म्हाताऱ्या बाईला धरायला काय असावे?" अशा प्रश्नांचा घरी सराव करावा, त्याला क्लास लागत नाही. दोन खोल्या भाड्याने घेऊन पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहिणाऱ्या संस्थांपासून मात्र सावध राहा. फी भरण्यापूर्वी पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे आणि मागील मुले आज कोठे काम करतात, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर घरी या.

मुंबईच्या आय.आय.टी.त डिझाईनचे केंद्र १९६९ पासून आहे. तुम्ही रोज लिहिता ते रुपयाचे चिन्ह तिथे संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांचे. सरकारने ते २०१० मध्ये स्वीकारले. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' एकाच आकारात बसवण्याची ती करामत. आपल्या शाळेच्या कचेरीत संगणकावर मराठी दाखला निघतो, त्यातले 'मंगल' नावाचे अक्षर तिथेच शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांचे. जोशी त्याआधी जाहिरातीच्या धंद्यात होते. जाहिरात, मग अध्यापन, मग संगणकाचे टंक. अक्षर मात्र त्यांनी कधी सोडले नाही. माणूस एका गोष्टीला धरून राहतो आणि भोवतीची कामे बदलत जातात, ह्या व्यवसायात वाढ बहुधा अशीच होते.

पदवी मिळाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे कोणाच्या तरी हाताखाली काढावीत. पगार कमी असेल, पण छापखान्यात रंग का बिघडतो, कापड धुतल्यावर किती आटते, गिऱ्हाईक बोलते एक आणि मागते दुसरेच, हे कॉलेजात कळत नाही. केलेल्या कामांची एक फाईल ठेवावी. तीत शेवटचे चित्रच नव्हे, फसलेले आराखडेही असावेत. काम देणारा जाणकार असेल तर तो तेच आधी पाहतो. आणि पैशाचे बोलायला लाजू नये. आपल्या गावात फ्लेक्सवाला छपाईचे चौरस फुटांवर पैसे घेतो आणि मांडणी फुकट करून देतो. फुकट दिलेल्या गोष्टीला मान कोण देणार? आखणीची रक्कम वेगळी लिहावी, बयाणा घ्यावा, दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते आधी ठरवावे.

फ्लेक्सचा विषय निघालाच आहे. ते आले तेव्हा गावोगावच्या पेंटर मंडळींच्या हातचा ब्रश गेला. आता संगणक सांगितल्याबरोबर चित्र काढून देतो, म्हणून फ्लेक्सवालाही धास्तावला आहे. चौकातले वाढदिवसाचे फलक पाहा, चेहरे पन्नास आणि मांडणी एक. असे काम यंत्राकडे जाणारच, आणि मला त्याचे दुःखही नाही. पण मुरगूडच्या बाजारात गूळ कोण घेतो, त्याला पुडक्यावर काय वाचायचे असते, चष्मा नसला तर तो काय पाहून पुडके उचलतो, हे त्या गिऱ्हाइकाशेजारी उभे राहूनच कळते. त्यासाठी आपलीच मुले पाहिजेत.

ज्या मुलामुलींना इलिमेंटरी परीक्षेस बसावयाचे आहे त्यांनी चित्रकला शिक्षकांकडे नावे द्यावीत. नववी-दहावीच्या पालकांपैकी ज्यांना ह्या शिक्षणाविषयी विचारायचे असेल त्यांनी शुक्रवारखेरीज कोणत्याही दिवशी शाळा सुटल्यावर मला भेटावे. येताना मुलाची गुणपत्रिका आणलीच पाहिजे असे नाही. त्याने काढलेले, शिवलेले, जोडलेले काही असेल तर ते घेऊन या. आणि मुलगी असेल तर तिलाही बरोबर आणा.