दसऱ्यानंतरची परसबाग

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलायचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढची सारी शाळा स्वयंपाकघर आणि त्यामागचे परसू एवढ्यातच भरली. पण चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, की तुमच्या परसात बारा महिने काही ना काही असते, ते कसे हे सर्वांना सांगा. बारा महिन्यांचे सांगत बसले तर तिकडे चुलीवरचे दूध आटून जाईल. म्हणून भाद्रपद ते कार्तिक एवढ्या तीन महिन्यांपुरतेच बोलते.

हेच तीन महिने का, ते आधी सांगते. मृगाचा पाऊस पडला की सगळ्यांनाच बागेची हौस येते. श्रावणात वेल मांडवावर चढतात, बघणाऱ्याचे डोळे निवतात. पुढे गौरी-गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दसरा, दिवाळी अशी रांगच लागते. घरच्या बाईला मान वर करायला सवड नसते, आणि बागेला तिची गरज नेमकी त्याच वेळी असते. भाऊबीज आटोपून परसात जावे तो वेल वाळलेले, माती दगडासारखी. मग आपण म्हणतो, आमच्या मातीतच काही दम नाही. भगिनींनो, माती बिचारी गप्प असते म्हणून तिच्यावर खापर फोडणे सोपे. सकाळचा चहा झाल्यावरची पंधरा मिनिटे रोज दिली, तर हीच माती संक्रांतीपर्यंत घर पोसते.

भाद्रपदात पुष्कळजणी विचारतात, भोपळ्याच्या वेलाला फुले एवढी, मग फळ का धरत नाही? वेलावर नर आणि मादी अशी दोन तऱ्हेची फुले येतात. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा असतो, नराच्या मागे नुसता दांडा. झड लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत आणि मादी फूल तसेच गळते. तेव्हा माशीचे काम आपण करावे. नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच टेकवावा. लाल भोपळ्याचे फूल सकाळी उमलते, म्हणून ते काम सकाळी. दुधी आणि दोडका यांची फुले तिन्हीसांजेला उमलतात, म्हणून त्यांचे काम दिवेलागणीला.

दोडकी-कारली वाकडी होऊन सडतात, ती फळमाशीने. कोवळ्या फळात ती अंडी घालते. सडके फळ वेलाखाली पडू दिले की आतली अळी मातीत शिरते आणि तिची पुन्हा माशी होते. असे फळ दिसताच उचलून हातभर खोल पुरावे. चांगल्या कोवळ्या फळाला जुन्या पातळाच्या चिंधीची सैल पिशवी बांधली, की माशीला जागा मिळत नाही.

याच दिवसांत कुंड्यांखालच्या ताटल्या, फुटके डबे, टाकून दिलेली टायरे यांत पाणी साठते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. आठवड्यातून एक वार नेमून सगळी भांडी पालथी घालावीत. हा वार साऱ्या आळीने एकच धरला तर अधिक चांगले, कारण डास काही कुंपण ओळखत नाही.

हस्ताचा पाऊस संपून चित्रा नक्षत्राचे ऊन सुरू झाले, म्हणजे खरी परीक्षा. वरची माती तडकते आणि खालची ओल उडून जाते. खुरप्याने वरची दोन बोटे माती मोकळी करावी आणि बुंध्याभोवती पालापाचोळा पसरावा. गणपतीची पत्री आणि नवरात्रातल्या माळा यांतला दोरा काढून टाकला, की त्यांचेही उत्तम पांघरूण होते. नदीतही घाण जात नाही. पाणी सकाळी द्यावे, मुळाशी द्यावे, पानांवर ओतू नये. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी मोरीत न सोडता बादलीत धरले, तर दोन-चार वेलांची तहान त्यावर भागते. वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा चढला, तर पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी आणि गाळून ते पाणी सायंकाळी शिंपडावे. आठवड्याने पुन्हा एकदा.

आता फुलांविषयी. शेवंतीला कळी का धरत नाही, असे मला दरवर्षी कोणीतरी विचारते. शेवंतीला लांब काळोखी रात्र लागते. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ती कळी धरत नाही. ज्यांची कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा गॅलरीतल्या बल्बाखाली असते, त्यांच्या शेवंतीला रात्र झाल्याचे कळतच नाही. ती नुसती पाने काढीत बसते. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवावी, खत बदलीत बसू नये. गावठी वालाचेही असेच. आषाढात लावलेला वेल दसऱ्यापर्यंत नुसता पसरतो. घाई करून उपटू नका. पी हळद नि हो गोरी, हा न्याय बागेत चालत नाही. दिवस लहान झाले की त्याला तुरे येतात आणि मग पौष-माघापर्यंत शेंगा पुरतात.

ऊन थोडे उतरले, की दोडक्या-काकडीच्या रिकाम्या जागेत कुजलेले शेणखत मिसळून वाफे करावेत. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर यांचा हाच काळ. धन्यात दोन बिया जोडीने असतात. ते हलके रगडून फोडावे, रात्रभर भिजवावे आणि मग पेरावे. मेथी महिन्याच्या आत काढणीला येते. मात्र सारे बी एकदम पेरू नये. दर आठ दिवसांनी मूठमूठ पेरले, म्हणजे एकदम ढीग न होता रोजच्या रोज जुडी मिळते. वरच्या मजल्यावर ज्यांची बिऱ्हाडे आहेत त्यांनीही हिरमुसू नये. चार-पाच तास ऊन येणारी गॅलरी आणि तळाला भोके पाडलेली फळांची पेटी, एवढ्यावर मेथी-कोथिंबीर होते.

हे झाले नित्याचे काम. पण आज मी उभी राहिले ती एका वेगळ्याच गोष्टीसाठी.

आपल्या आळीच्या टोकाला जो जुना वाडा होता, तो पाडून तिथे आता इमारत उभी आहे. तसे होणारच. माणसांना राहायला घरे हवीत आणि जुन्या वाड्यांच्या भिंती किती दिवस तग धरणार? त्या वाड्यातल्या काकूंच्या विहिरीकडेला पावट्याचा एक वेल असे. शेंग रुंद, कडेला जांभळी रेघ, आणि शिजली की घरभर वास. तशी शेंग मी मंडईत कधी पाहिली नाही. काकू मुलाकडे परगावी गेल्या, वाडा पडला, वेलही गेला. पण त्याच्या आधी दोन वर्षे काकूंनी मला पदरातून मूठभर बी आणून दिले होते आणि म्हणाल्या होत्या, "सूनबाई, बी घरात ठेवून उपयोग नाही, चार घरी असले म्हणजे ते जगते." आज त्या मुठीची लेक-नात माझ्या मांडवावर आहे. पण ती एकट्या माझ्याच मांडवावर आहे, हा मला घोर आहे. एका वर्षी कीड पडली किंवा माझेच घर हलले, तर काकूंची शेंग या जगातून गेली म्हणून समजा.

बी राखायला फार विद्या लागत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. पण त्यांनी गावठी बियाणे जपले, बायाबायांत वाटले आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला पद्मश्री नको, आपल्याला आपली शेंग हवी.

रीत एवढीच. दिवाळीच्या आसपास वेलावरच्या सर्वांत चांगल्या, निरोगी शेंगा हेरून त्यांना लाल दोरा बांधावा, म्हणजे घरातले कोणी त्या तोडणार नाही. उरल्यासुरल्या शेंगांचे बी धरू नये. लग्नाला आपण उत्तम कुळ पाहतो, तसेच हे. शेंग वेलावरच खडखडीत वाळू द्यावी. मग बी सोलून सावलीत सुकवावे, चाळलेली कोरडी राख मिसळून काचेच्या बाटलीत घट्ट बंद करावे, आणि वर नाव नि वर्ष लिहावे. वाल-घेवड्याचे बी बहुधा आईवर जाते. दुधी-भोपळ्याचे मात्र शेजारच्या वेलाशी मिसळते, म्हणून तिथे जात सांभाळावी लागते. दुकानातल्या संकरित पुडीचे बी मात्र धरून उपयोग नाही, दुसऱ्या वर्षी ते मूळच्यासारखे येत नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू गावठी असेल, तर त्याची वाळलेली फुलेही टाकू नका. त्यातच पुढच्या वर्षीचे तोरण आहे.

माझी मंडळापुढे एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकचे डबे न लुटता बियांची पुडी लुटावी. ज्यांच्याकडे जे जुने असेल ते, कोणाची चवळी, कोणाचा लाल भोपळा, कोणाची गुलबक्षी. पुडीवर बियाचे नाव आणि ते कोणाच्या घरचे, एवढे लिहावे. मंडळाच्या कपाटात एक बरणी ठेवावी आणि प्रत्येक बियाची एक पुडी तिच्यात टाकावी. ज्या घरचे बी गेले, त्या घराने हक्काने येऊन न्यावे. माझ्याकडून काकूंच्या पावट्याच्या वीस पुड्या मी आजच कबूल करते. यंदा शेंग भाजीला थोडी कमी पडेल, पण घरच्यांना मी तसे सांगून ठेवले आहे.

 आता दूध गार होण्याआधी मी आपली रजा घेते.