कापसाच्या मुलखातील दुष्काळ आणि सरकीची ढेप



कमिटीच्या वतीने दोन शब्द बोलण्याचे काम आम्हांकडे आले आहे. आमचा धंदा वकिलीचा. कापसाच्या सौद्यांचे दावे आम्ही पुष्कळ चालविले; परंतु ज्यांचे आयुष्य जिनात व तेलगिरणीत गेले असे अनेक गृहस्थ समोर बसले आहेत. आमची चूक दिसेल तेथे त्यांनी ती निःसंकोच दाखवावी.

वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, असे आपण अभिमानाने म्हणतो. अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या यादवीमुळे येथील कापसास अपूर्व भाव आला, आणि 1867 साली आगगाडी नागपुरास पोचली. तरीही 1896-97 आणि 1899-1900 हे दोन दुष्काळ याच सोन्याच्या मुलखाने भोगले. असे का व्हावे? पावसाने दगा दिला हे उत्तर खरे, पण अपुरे. ज्वारीच्या शेतातून माणसास दाणा मिळतो व बैलास कडबा. कापसाच्या शेतातून काय मिळते? वेचणी सरल्यावर जनावरे चार दिवस पाला खातात, पऱ्हाटी चुलीत जाते आणि कापूस बाजारात. पैसा येतो, परंतु ज्या वर्षी पीक बुडते त्या वर्षी पैसा नाही, दाणा नाही आणि वैरणही नाही, अशी तिहेरी नड एकाच दारी येऊन उभी राहते. आज महाराष्ट्रात सुमारे 40 लाख हेक्टरांवर कापूस होतो, व त्यातील बहुतेक क्षेत्र पावसावरच अवलंबून आहे.

मग कापसात खाण्याजोगे काहीच नाही काय? आहे, आणि तेच सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत. एक क्विंटल कापूस लोढला असता रुई साधारण 34-35 किलो निघते. सरकी मात्र 60 किलोंहून अधिक. म्हणजे ज्या तंतूसाठी हे पीक घ्यावयाचे तो वजनाने तिसरा हिस्सा, बाकी जवळजवळ सारे बीज. हे बीज दाबले की शेकडा 12 च्या आसपास तेल मिळते व उरते ती पेंड, जिला आपल्या भागात ढेप म्हणतात. सरकीतील गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य शुद्धीकरणात काढून टाकल्यावर हे तेल माणसाच्या खाण्यास योग्य होते; रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांस मात्र ढेपेतील ते बेताच्या प्रमाणात सोसते. देशास लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशातून येतो, आणि सरकीच्या तेलासाठी तर वेगळी एक एकरही जमीन लागत नाही. तेलाचा हा विषय मोठा आहे. गिरणीवाल्यांनी तो स्वतंत्र सभेत घ्यावा. आज आमचा प्रश्न ढेपेचा.

पूर्वी कास्तकार पेरणीपुरती व बैलांच्या आंबोणापुरती सरकी घरी ठेवी. 1970 साली सुरतेस सी. टी. पटेल यांनी संकरित कपाशी सिद्ध केली. 2002 साली बीटी वाणांस परवानगी मिळाली. संकरित पिकाचे बी पुन्हा पेरून उपयोगाचे नाही, म्हणून बियाणे दरसाल दुकानातून येते, आणि सरकी घरी ठेवण्याचे एक कारण संपले. आता ती कापसाबरोबर गाडीत बसून जाते व ढेप होऊन, भाव लावून, पोत्यातून परत येते. कायद्याने यात काही गैर नाही. कापूस विकला त्याबरोबर सरकीही विकली. तिच्यावर कास्तकाराचा हक्क सांगणारा दावा आमच्याकडे आला तर आम्ही तो घेणार नाही. सरकीस भाव असला की कापसासही चढता भाव मिळतो, हेही खरे. पण बैल कायदा खात नाही.

गेल्या उन्हाळ्यात कमिटीचे आम्ही तिघे एका गावी गेलो होतो. एका घरी दावणीस एकच बैल दिसला. दुसरा कोठे, असे विचारता घरधनी म्हणाला, "दोघायले पुरन एवढी ढेप नव्हती, सायेब. एक जगवाचा म्हणून एक इकला." एका बैलाने पेरणी कशी करणार, हे आम्ही विचारले नाही. ते त्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

कमिटीची एक चूकही येथे नमूद करणे भाग आहे. त्या उन्हाळ्यात आम्ही ढेप घेतली ती ऐन चैत्रात. भाव चढा पडला तो पडलाच. शिवाय काही पोत्यांत भेसळ निघाली, काहींत ओल लागून बुरशी. बुरशीची ढेप दुभत्या जनावरास घातली तर विष दुधात उतरते. ती पोती आम्ही पुरून टाकली. विकणाऱ्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. पोते उघडून न पाहता पावती देणारे आम्हीच होतो.

म्हणून या खेपेस मागणी वेगळी आहे. जिने नोव्हेंबरपासून जोरात चालतात. ताजी ढेप मुबलक असते ती तेव्हा, आणि वैरण संपते फाल्गुन-चैत्रात. गिरणीवाल्यांनी डिसेंबर-जानेवारीतच, नफा न धरता, निधीस ढेप द्यावी. जमीनदारांनी फळ्यांवर पोती रचता येतील अशी कोरडी गोदामे द्यावी आणि ज्यांच्याकडे ज्वारी आहे त्यांनी कडबा. कारण नुसत्या ढेपेवर जनावर जगत नाही. बाकीच्यांनी रोख रक्कम द्यावी. ही ढेप उन्हाळ्यात खरेदीच्या निम्म्या भावाने कास्तकारास द्यावयाची, व तीही औताच्या बैलास प्रथम. फुकट द्यावी असे कमिटीत काहींचे मत होते. आम्ही त्यास विरोध केला. फुकट माल गरजवंताच्या आधी ओळखीवाल्याच्या घरी पोचतो, हे आम्ही पूर्वी पाहिले आहे. ज्याच्यापाशी निम्मेही नाहीत त्याच्या नावे ती पुढील वेचणीपर्यंत उधार लिहावी. साठा मृगापूर्वी संपविलाच पाहिजे, नाही तर पुन्हा ओल आणि पुन्हा खड्डा.

वर्गणीचे पुस्तक चिटणिसांनी दाराशी ठेवले आहे. रोख देणे ज्यांस सोयीचे नाही त्यांनी आपल्या नावापुढे पोत्यांचा आकडा लिहावा. प्रत्येक पोते आम्ही उघडून पाहणार आहोत. त्याचा कोणी राग मानू नये.