एक धातू, अनेक शब्द



तमिळनाडूत कुंभकोणमजवळ तिरुनीलक्कुडी नावाचे गाव आहे. नाव प्रथम कानी पडले की लांबलचक आणि अवघड वाटते. त्याची फोड केली की मात्र अवघडपणा सरतो. 'तिरु' म्हणजे श्री, पवित्र. 'नील' हा मराठीलाही परिचित असलेला संस्कृत शब्द, तेथील शिवाच्या नीलकंठ या नावातला. आणि 'कुडी' म्हणजे वस्ती. हे तुकडे कळले की तिरुवारूर, तिरुचेंदूर, कारैक्कुडी, परमक्कुडी ही नावेही ओळख देऊ लागतात. इंग्रजी शब्दांचेही असेच आहे.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला वाटणारी इंग्रजीची धास्ती बहुधा शब्दांच्या गर्दीची असते. प्रत्येक शब्द सुटा पाठ करावा लागतो, म्हणून ओझे वाढते. शब्दांची कुळे ओळखली तर हे ओझे निम्म्यावर येते.

तिरुनीलक्कुडीच्या परिसरावर एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते. त्या घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (1777–1832) यांना जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांचे शिक्षण लाभले. मराठी आणि संस्कृतची कास न सोडता त्यांनी युरोपीय भाषांतील ग्रंथ जमवले आणि सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. तेथील पोथ्यांना इंग्रजीत 'मॅन्युस्क्रिप्ट' म्हणतात. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात आणि 'स्क्रिबेरे' म्हणजे लिहिणे. मराठी शब्द 'हस्तलिखित'. रचना तंतोतंत तीच. सरफोजीराजांच्या काळी, 1803 मध्ये, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. तो 'इन्स्क्रिप्शन', म्हणजे आत लिहिलेले, कोरलेले.

याच 'स्क्रिबेरे'चा गोतावळा रोजच्या व्यवहारातही भेटतो. औषध तयार करण्याआधी वैद्याने लिहिलेली सूचना ती 'प्रिस्क्रिप्शन'. 'प्रि' म्हणजे आधी. कागदाखाली नाव लिहून कबूल केलेली रक्कम ती 'सबस्क्रिप्शन', अर्थात वर्गणी. 'सब' म्हणजे खाली. पत्र संपल्यानंतर लिहिलेले ते 'पोस्टस्क्रिप्ट', मराठी पत्रातील ता. क. शब्द चार, पण धातू एकच. बदलतात ते उपसर्ग.

ही रीत मराठी विद्यार्थ्याला नवी नाही. एका 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार आणि संहार होतात, हे तो व्याकरणाच्या तासाला शिकतो. संधीही त्याच्या परिचयाचा आहे. उत् आणि लेख एकत्र आले की 'त्'चा 'ल्' होऊन 'उल्लेख' होतो. तसेच 'इन्' आणि 'लीगल' एकत्र आले की 'न्'चा 'ल्' होऊन 'इल्लीगल' होते. त्या स्पेलिंगमध्ये दोन एल का, हे एकदा उमगले की ते घोकावे लागत नाही.

काही ठिकाणी नाते केवळ रचनेचे नसून रक्ताचे आहे. सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाचा विचार मांडला. 'डेंटिस्ट'मधील लॅटिन 'डेन्स' आणि संस्कृत 'दन्त', 'पेडल'मधील 'पेस' आणि संस्कृत 'पद' ही त्याच मूळ घराण्यातील भावंडे होत.

मात्र सारखेपणा दिसला की नाते जोडण्याची घाई करू नये. 'मॅन्युअल' आणि 'मॅन्युफॅक्चर' हे 'मानुस'चे वंशज. पण माणूस या अर्थाचा 'मॅन' त्या कुळातला नाही, तो जर्मानिक भाषांतून आला. 'लिख्' आणि 'स्क्रिबेरे' यांचा अर्थ एक असला तरी धातू निराळे. अर्थ जुळतो का आणि कोश काय सांगतो, हे पाहूनच निर्णय करावा.

हीरक महोत्सवी वर्षात शाळेला एक साधा उपक्रम सुरू करता येईल. दर आठवड्याला फळ्यावर एक लॅटिन धातू लिहावा; विद्यार्थ्यांनी त्याचे इंग्रजी शब्द शोधावेत आणि प्रत्येकासमोर त्याच घडणीचा मराठी शब्द मांडावा. यासाठी खर्च लागत नाही; एक चांगला कोश आणि थोडे कुतूहल पुरे. मग मातृभाषेचे व्याकरण हा इंग्रजीतील अडथळा राहणार नाही. ती त्या घराची किल्लीच आहे, आणि साठ वर्षे ही शाळा ती विद्यार्थ्यांच्या हाती देत आली आहे.